पतंगाला नांव मिळतें तेव्हां

नागपूर शहराच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर, सावनेर तालुक्यांत, खापरखेडा हें गांव आहे. शहरांतल्या माणसांस तें वीजकेंद्रामुळें ठाऊक असतें. उंच धुराडीं, जवळच्या कोळशाच्या खाणी आणि रात्रभर जळणारे दिवे ही त्याची खूण. परंतु त्या दिव्यांच्या उजेडाबाहेर थोडें गेलें कीं पऱ्हाटीचीं शेतें लागतात. पावसाळा सरत आला म्हणजे त्या शेतांतून, नदीकांठच्या झाडोऱ्यांतून आणि बांधावरच्या गवतांतून नाना तऱ्हेचे पतंग उठतात व उजेडाकडे धांव घेतात. पहांटे भिंतीवर पाहावें तर कोणी वाळक्या पानासारखा, कोणी पक्ष्याच्या विष्ठेसारखा, कोणी नुसत्या करड्या ठिपक्यासारखा चिकटून बसलेला असतो. दिवस वर आला कीं यांतले बरेच पाखरांच्या चोंचींत जातात आणि उरलेले केरसुणीखालीं. त्या केरांत शास्त्राला अद्याप अपरिचित अशी एखादी जाति निघूं शकेल काय?

निघूं शकेल, त्यांत नवल कांहींच नाहीं. जगांत आजवर ज्यांना नांव मिळालें आहे अशा पतंगांच्या जाति सुमारें १,६०,००० भरतात आणि भारतांतील नोंद दहा हजारांच्या पलीकडे जाते. फुलपाखरांचें कौतुक सर्वांना असलें तरी पतंगांच्या मानानें तीं मूठभरच. शिवाय पतंगांची ही यादी पुरी झालेली नाहीं. सर जॉर्ज हॅम्प्सन यांनीं १८९२ ते १८९६ या काळांत भारतीय पतंगांवर चार जाडजूड खंड प्रसिद्ध केले. पुढील कित्येक पिढ्यांना तेच आधारभूत झाले. परंतु नखाएवढ्या पंखांच्या सूक्ष्म पतंगांपैकीं बहुसंख्यांना त्या खंडांत स्थान मिळालें नाहीं. मोठे, देखणे, टसराच्या पतंगासारखे उमदे जीव आधीं नोंदले गेले. लहान व मळकट जीव मागें राहिले. लहानपण आणि निरुपद्रवीपणा या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खापरखेड्याच्या आसपासच्या शेतकऱ्यास ज्या पतंगानें सर्वांत अधिक रडविलें, तो पंख पसरले असतां दीड-दोन सेंटिमीटरांहून मोठा नसतो.

‘नवी जाति सांपडली’ असें वर्तमानपत्रांत वाचलें म्हणजे कोणी रानांत जाऊन पूर्वीं कोणींच न पाहिलेला जीव हुडकून काढला, असें चित्र मनासमोर उभें राहतें. वस्तुतः असें क्वचित् घडतें. तो जीव गांवकऱ्यांनीं शेंकडों वेळां पाहिलेला असतो. पुष्कळदां एखाद्या संग्रहालयाच्या पेटींत तो पन्नास वर्षें टांचणीवर बसलेलाहि असतो. शास्त्राच्या दृष्टीनें तो ‘नवा’ असतो तो एवढ्याच अर्थानें कीं, त्याचें रीतसर वर्णन करून, त्याला दोन पदांचें नांव देऊन तें कोणीं छापलेलें नसतें. या द्विपद नांवांच्या प्राणिशास्त्रांतील कालगणनेस लिनीयस या स्वीडिश पंडिताच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून आरंभ होतो. नियम साधा आहे: ज्याचें नांव आधीं छापलें गेलें त्याचें तें टिकावें. आणि आज प्रत्येक नव्या नांवाला एक विशिष्ट, हातीं धरून दाखवितां येईल असा नमुना बांधून द्यावा लागतो. त्यास मूळ नमुना म्हणतात. वर्णनाचे शब्द कितीहि काळजीपूर्वक लिहिलेले असले तरी शब्दांचे अर्थ वाचणाऱ्यागणिक बदलतात. टांचणीवरचा पतंग बदलत नाहीं. शंभर वर्षांनीं वाद उपस्थित झाला तर न्याय त्याच्याकडे मागावयाचा असतो.

हें सर्व कसें चालतें हें पाहण्यासाठीं, खापरखेड्याच्या शिवारांत दरवर्षीं भेटणाऱ्या त्या मळकट पतंगाचीच कुळकथा पाहणें सोईचें होईल. शेतकरी त्याच्या अळीला शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी म्हणतात.

ही कथा भडोचेस सुरू होते. १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानांत लांब धाग्याचा कापूस पिकविण्याचा घाट घातला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना देशी आखूड धागा नको होता. त्यासाठीं अमेरिकेहून मळेवाले आणविले, अमेरिकन सरकी आणविली आणि गुजराथेंत सरकारी मळे घातले. भडोचच्या मळ्यांवरील अधिकाऱ्यास असें आढळलें कीं, हलक्या गाळाच्या जमिनींत लावलेल्या या अमेरिकन कापसाचा एक अळी फार नाश करते. त्यानें नमुने विलायतेस पाठविले व सोबत आपलें निरीक्षण लिहिलें: फूल उमलण्याच्या वेळीं त्यांत अंडें घातलें जातें, अळी आंत राहून सरकी खाते, आणि बोंड फुटण्याच्या थोडें आधीं त्याच्या बाजूला गोल भोंक पाडून बाहेर पडावयाची वाट तयार करते. हें निरीक्षण करणारा गृहस्थ कीटकशास्त्राचा पंडित नव्हता. पण पुढील पावणेदोनशे वर्षांत या अळीनें जें जें केलें त्याचें मर्म त्याच्या त्या चार ओळींत आलेलें आहे.

ते नमुने विल्यम विल्सन साँडर्स यांच्या हातीं पडले. साँडर्स यांचा धंदा लंडनच्या लॉइड्समध्यें विमा उतरविण्याचा. तारुण्यांत लष्करी अभियंता म्हणून ते थोडा काळ हिंदुस्थानांत येऊन गेलेले होते. पुढें विम्याच्या धंद्यांत पैसा मिळवून त्यांनीं तो कीटक आणि वनस्पति यांच्या संग्रहांत घातला. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्ताच्या तिसऱ्या खंडांत त्यांनीं या पतंगाचें वर्णन दिलें, जेमतेम दोन पानांचें. (या लेखाचा काळ कोणी १८४३ लिहितो, कोणी १८४४. खंड हप्त्याहप्त्यानें छापले जात, त्यामुळें अशा तारखांवर पंडितांचे तंटे होतात. ज्यांना त्यांत रस आहे त्यांनीं तो घ्यावा.) त्यांनीं नांव दिलें ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’. दुसरें पद कापसाच्या लॅटिन नांवावरून घेतलेलें आहे आणि तें आजवर हाललेलें नाहीं. पहिलें पद, म्हणजे वंशाचें नांव, मात्र चुकलें. साँडर्स यांनीं पतंगाला त्या वेळीं परिचित असलेल्या एका जवळच्या घराण्यांत बसविलें. पुढें तो दुसऱ्याच घराण्याचा ठरला. अशी चूक होणें स्वाभाविक होतें. नव्या माणसाला पाहिल्याबरोबर आपण त्याचा चेहरा ओळखीच्या कोणाशीं तरी जुळवूं लागतों, तशांतलाच हा प्रकार.

नांव मिळालें आणि ग्रंथांत बंद झालें. पाऊणशें वर्षें त्याच्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. पतंग मात्र स्वस्थ बसला नव्हता. त्याची प्रवासाची युक्ति मोठी चमत्कारिक आहे. थंडीच्या सुमारास पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकीं कांहीं कोषांत न जातां सुप्त होतात. अशी अळी दोन सरक्या आंतून पोखरून रेशमानें एकमेकींस चिकटविते आणि त्या जोडघरांत निजून राहते. वरून पाहणाऱ्यास ती साधी जुळी सरकी दिसते. पोत्यांत भरली, आगबोटींत चढविली, दुसऱ्या खंडांत उतरविली, तरी आंतल्या रहिवाशास त्याची दाद नसते. १९०६-०७ च्या सुमारास हिंदी सरकीबरोबर तो मिसर देशांत पोंचला. मिसरी सरकीबरोबर १९११ सालीं मेक्सिकोंत. आणि १९१७ सालीं टेक्सासमध्यें त्याचा पत्ता लागला. अमेरिकन कापसाच्या लोभानें भडोचेस जो अनर्थ नजरेस आला होता, तो अशा रीतीनें अमेरिकेच्या दारांत जाऊन उभा राहिला.

मग धांवपळ सुरू झाली आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो ओळखीचा. बोंडांत सांपडलेली प्रत्येक गुलाबी अळी ही तीच काय? कारण बोंडांत गुलाबी छटेच्या इतरहि अळ्या असतात. त्यांतली एक तर केवळ सडक्या, आधींच फुटलेल्या बोंडांतला उकिरडा खाणारी. तिचा अपराध एवढाच कीं ती नको त्या जागीं सांपडते. एका अळीच्या नांवानें सबंध जिल्ह्यांतील कापसाची वाहतूक बंद होणार, शेतें उपटलीं जाणार, अशा वेळीं दोहोंतला भेद सांगतां न येणें म्हणजे निरपराध्यास फांसावर देणें आणि चोरास मोकळा सोडणें. ऑगस्ट बस्क यांनीं हवाई बेटांत राहून या अळीचा अभ्यास केला आणि १९१७ सालीं तिच्या पतंगासाठीं ‘पेक्टिनोफोरा’ हा स्वतंत्र वंश स्थापन केला. या शब्दाचा अर्थ ‘कंगवा धारण करणारा’: पतंगाच्या मिशीच्या अगदीं बुडाशीं पांच-सहा ताठ केसांची एक फणी असते. तीवर कोणाचें लक्ष जाणार! १९२१ सालीं कार्ल हाइन्रिक यांनीं तर, जे पतंग चुकून शेंदरी बोंडअळीचे समजले जाण्याचा संभव आहे तेवढ्यांवरच एक सबंध प्रबंध लिहिला. असल्या प्रबंधांस वाचक थोडे मिळतात; पण टेक्सासच्या शेतकऱ्याचें शेत राहणार कीं जाणार हें त्या वेळीं अशा लिखाणावर अवलंबून होतें.

मिशीच्या बुडाशीं असलेल्या केसांवरून जाति ओळखणें हें सामान्य माणसास हास्यास्पद वाटतें. मग काय पाहावें? रंग? पतंगाचे रंग हे पंखांवरील खवल्यांचे असतात आणि चार रात्रींच्या उड्डाणांत ते झडून जातात. सापळ्यांत चोवीस तास फडफडलेला गुलाबी बोंडअळीचा पतंग पाहिला तर तो नुसता करडा कागदाचा कपटा वाटतो. आकार? अळीला खाणें कमी मिळालें कीं पतंग लहान निघतो. म्हणून शास्त्रज्ञ टिकाऊ खुणांकडे वळले. पंखांतील शिरांची रचना, तोंडाशीं वर वळलेल्या स्पर्शिका, मागच्या पंखाचा बोटासारखा निमुळता शेंडा. आणि या सर्वांहून निर्णायक अशी उदराच्या टोंकाशीं असलेली जननेंद्रियांची घडण. नर व मादी यांचे हे कठीण भाग जातीजातींत निराळे असतात. पतंगाचें पोट अलग करून, दाहक पोटॅशच्या द्रावांत मऊ करून, सुयांनीं साफ करून, कांचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें म्हणजे बाहेरून जुळे दिसणारे दोन भाऊ एकदम परके ठरतात.

येथें एडवर्ड मेरिक या विलक्षण गृहस्थाची आठवण केल्याखेरीज पुढें जाणें अन्यायाचें होईल. ते इंग्लंडांत मार्लबरोच्या शाळेंत शिक्षक होते. शाळेचें काम सांभाळून त्यांनीं जगभरच्या सूक्ष्म पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींचीं वर्णनें केलीं. हिंदुस्थानांतील कितीतरी लहान पतंगांना त्यांच्याच लेखणीनें नांव मिळालें. परंतु जननेंद्रियें तपासण्याच्या नव्या रीतीला ते अखेरपर्यंत बधले नाहींत. हातांतल्या भिंगानें जें दिसेल तेवढें पुरे, असा त्यांचा बाणा. १९३८ सालीं ते वारले. त्यांच्या उद्योगापुढें कोणाचेंहि मस्तक नम्र व्हावें; मात्र त्यांच्या हट्टामुळें पुढील पंडितांना त्यांचे हजारों नमुने पुनः एकेक करून उघडून पाहावे लागले, हेंहि तितकेंच खरें.

या नव्या रीतीचें महत्त्व आपल्या पतंगाच्या बाबतींतच लौकर दिसून आलें. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँड येथें कापसाच्या बोंडांत गुलाबी अळी सांपडे. ती भडोचचीच, असें कोणीहि म्हणालें असतें. एफ. जी. हॉल्डवे यांनीं बारकाईनें तपासणी केली आणि १९२६ सालीं जाहीर केलें कीं ही अळी निराळी आहे. तिच्या पतंगाला त्यांनीं ‘स्क्युटिजेरा’, म्हणजे ढाल वाहणारा, असें नांव दिलें. पुढें १९५८ सालीं आय. एफ. बी. कॉमन यांनीं ऑस्ट्रेलियांतील सर्व नमुने पुनः चाळले, तेव्हां तिसरी एक बहीण हातीं लागली. तिचें नांव ‘एन्डेमा’. एकाच नांवाखालीं तीन जीव नांदत होते! यांतून एक अवचित प्रश्नहि निघाला. तिघींपैकीं दोघींचें घर जर ऑस्ट्रेलिया व त्या बाजूच्या बेटांकडे आहे, तर जिचें नामकरण भडोचच्या नमुन्यांवरून झालें ती तरी मूळची भारताचीच कशावरून? भडोच हें तिचें केवळ नांव पडण्याचें स्थळ असेल. या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याची घाई कोणास दिसत नाहीं.

अलीकडे या कामांत आणखी एक साधन आलें आहे. प्रत्येक पेशींत असलेल्या आनुवंशिक द्रव्याचा, डीएनएचा, एक ठराविक सुमारें साडेसहाशें अक्षरांचा तुकडा वाचून त्यावरून जाति ओळखावी, अशी सूचना कॅनडांतील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं केली. पतंगाचा एक पाय पुरतो. अळी असो, कोष असो, कीं पंख झडलेला कपटा असो, तुकडा तोच राहतो. हें साधन फार उपयोगी पडलें आहे. तरीहि तें वाचून कोणी जाति जाहीर करील तर घाईचें होईल. तुकडा निराळा निघाला याचा अर्थ ‘येथें थांबा व नीट पहा’ एवढाच. आणि तो निराळा कोणापासून, हें ठरविण्यासाठीं ज्याचा पूर्वीं अभ्यास झाला आहे असा नमुना लागतोच. म्हणून शेवटीं कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण संस्थेचीं किंवा लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचीं कपाटें उघडावीं लागतात.

ओळख चुकण्याचे प्रकार केवळ शरीरापुरते नाहींत. या पतंगाची मादी रात्रीं एक गंध सोडते व त्यावरून नर तिचा माग काढतात. तो गंध हातीं आला तर नरांना फसवितां येईल, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागें लागले. १९६६ सालीं अमेरिकेंत जाहीर झालें कीं गंधद्रव्य सांपडलें; त्याला नांवहि ठेवलें गेलें. पण शेतांत ठेवलेल्या त्या द्रव्याकडे नर ढुंकून पाहीनात! द्रव्य चुकीचें होतें. खरें द्रव्य १९७३ सालीं उमगलें, आणि तें एक नसून जवळजवळ समप्रमाणांत मिसळलेलीं दोन द्रव्यें आहेत असें ठरलें. कापसाच्या वंशनामावरून त्याला ‘गॉसिप्ल्युअर’ म्हणतात. आज खापरखेड्याच्या वाटेवरील शेतांत काठीला टांगलेल्या प्लास्टिकच्या नरसाळ्याखालीं लांब पिशवी लोंबतांना दिसते. तो कामगंध सापळा. त्यांतल्या रबराच्या गोळीला हाच गंध लावलेला असतो.

विदर्भाच्या शेतकऱ्याशीं या पतंगाचा हल्लींचा झगडा हा एका दृष्टीनें वेळेवर न ओळखण्याचाच झगडा आहे. ठिपक्यांची बोंडअळी शेंडा वाळविते, हिरवी बोंडअळी अर्धें अंग बाहेर ठेवून बोंड खाते, दोघी दिसतात. शेंदरी अळी दिसत नाहीं. अंडें अर्ध्या मिलिमीटराचें. त्यांतून निघालेली पांढुरकी अळी लगेच पातींत, फुलांत किंवा कोंवळ्या बोंडांत शिरते आणि मागचें छिद्र बुजून जातें. गुलाबी रंग तिला मोठेपणीं येतो. फुलांत असतांना ती पाकळ्या रेशमानें शिवून टाकते. असें न उमलणारें, गुलाबाच्या कळीसारखें मिटलेलें फूल म्हणजे डोमकळी. ज्याला डोमकळी ओळखतां आली त्याला दीड महिना आधीं सूचना मिळाली. ज्याला आली नाहीं, त्याला वेचणीच्या वेळीं बोंड उघडून कवडी हातांत आल्यावर कळतें. आणि तेव्हां त्या बोंडावर फवारून कांहीं उपयोग नसतो.

२००२ सालीं भारतांत बीटी कापूस आला. जमिनींतल्या एका जिवाणूचें अळीला मारक असें प्रथिन त्या झाडांतच तयार होतें. २००६ सालीं दोन प्रथिनांचें वाण आलें. कांहीं वर्षें बोंडअळीचा विसर पडावा इतकी ती कमी झाली, आणि विसर पडलाहि. २००९ च्या हंगामांत गुजराथेच्या कांहीं जिल्ह्यांतील शेंदरी अळ्या पहिल्या प्रथिनास दाद देत नाहींत असें आढळलें. २०१४-१५ पर्यंत दुसरें प्रथिनहि पुरेसें पडेनासें झालें. म्हणजे पुनः गुजराथ, जेथून तिचें नांव निघालें तोच प्रांत. नागपुरास १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनीं गांवोगांवचीं हिरवीं बोंडें आणवून, तीं फोडून अळ्या मोजण्याचें काम चालविलें होतें व इशारेहि दिले होते. २०१७ च्या हंगामांत विदर्भांत शेतेंच्या शेतें गेलीं. उभ्या पिकांत लोकांनीं नांगर घातले, गुरें सोडलीं. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या साऱ्या फवारण्या शेंदरी अळीवरच होत्या असें म्हणतां येणार नाहीं. पण पिकांत काय आहे याची निश्चिति नसली म्हणजे माणूस भीतीपोटीं जें मिळेल तें फवारतो, ही गोष्टहि खोटी नव्हे.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें फार सोपें आहे. त्यानें बीटीच्या पाकिटाबरोबर मिळणारें साधें बियाणें कडेनें लावलें नाहीं. फरदड घेऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभें ठेवलें. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवले, त्यांत अळ्या सुखानें निजल्या. हें सर्व खरें. परंतु साधें बियाणें कशासाठीं, हें त्याला कोणीं समजावून सांगितलें? बीटी न खाल्लेल्या अळ्यांचे पतंग थोडे शिल्लक राहावेत आणि प्रतिकार शिकलेल्या थोडक्यांशीं त्यांचा संकर होऊन तो प्रतिकार पातळ व्हावा, हा त्यांतला हेतु. ज्या जीवाची कुळकथा ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं आपल्या शेतांतली चार तासें रिकामीं सोडण्याचा सल्ला कोणाला पटेल? शेंदरी अळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते. हिरव्या बोंडअळीस तूर, हरभरा, काय मिळेल तें चालतें. त्यामुळें जो भार हिरवीच्या बाबतींत इतर पिकें आपोआप उचलतात, तो शेंदरीच्या बाबतींत त्या चार तासांवर पडतो. दोन अळ्यांतील हा भेद पाकिटावर छापतां आला असता.

उलट अमेरिकेंत याच पतंगाचें उच्चाटन झाल्याचें २०१८ सालीं जाहीर झालें. तेथेंहि बीटी कापूसच होता. पण त्याच्या जोडीला गंधद्रव्य होतें, शिस्त होती, आणि कारखान्यांत वाढवून वंध्य केलेले कोट्यवधि पतंग विमानांतून सोडले जात होते. सापळ्यांत पतंग पडला तर तो शेतांतला कीं कारखान्यांतला, हें ओळखावें कसें? त्यासाठीं कारखान्यांतल्या अळ्यांच्या खाद्यांत तांबडा रंग घालीत. पतंग चिरडला कीं आंतून तांबडा निघे. ओळखीच्या या साऱ्या इतिहासांत इतकी सरळ खूण दुसरी नाहीं.

आपल्याकडे अजून मोजणीवर भिस्त आहे. हेक्टरीं पांच सापळे लावावे. सलग तीन रात्रीं सापळ्यामागें आठ किंवा अधिक पतंग पडले तर उपाय सुरू करावा, असा ठोकताळा कृषिखातें सांगतें. सावनेरकडील शेतकरी सकाळीं पिशवी सोडून आंतले करडे कपटे हातावर घेतो आणि मोजतो. गंध त्या जातीपुरताच असल्यानें बहुतेक कपटे तिचेच असतात. पण एखाद्या सकाळीं एक निराळा निघतो: पंखाचा शेंडा वेगळा, अंगावर सोनेरी पट्टा, आकार थोडा लहान. तो वाट चुकलेला असेल, नेहमींचाच कोणी असेल, किंवा ज्याला अद्याप नांव नाहीं असाहि असेल. शेतांतून सांगतां येण्यासारखें तें नाहीं. तो कागदाच्या घडींत ठेवून संशोधन संस्थेकडे पोंचविला तर तेथला माणूस त्याला टांचणीवर लावील आणि खालीं तांदळाएवढ्या अक्षरांत एक चिठ्ठी टोंचील. त्या चिठ्ठींत पतंगाचें नांव नसतें. तें मिळालें तर मागाहून यावयाचें. चिठ्ठींत असतें तें गांव, जिल्हा, दिनांक आणि पकडणाऱ्याचें नांव. चिठ्ठी नसेल तर, पतंग कितीहि अपूर्व असला तरी, संग्रहालय तो ठेवून घेत नाहीं.